"हवाच आहे, काकू!"

मे महिन्यातला रविवार. सकाळचे दहाही वाजले नव्हते, पण नेरुळचा तो चिकट उकाडा सुरू झाला होता. आमच्या चिरंजीवांच्या गाडीचा एसी आठवडाभर बंद होता, म्हणून एक मेकॅनिक घरीच आला होता. घरी म्हणजे इमारतीखालच्या पार्किंगमध्ये. मी त्याच्यासाठी चहा घेऊन खाली गेले. त्याने बॉनेट उघडलं, एका पाईपवरचं प्लास्टिकचं टोपण काढलं आणि बारीक स्क्रू ड्रायव्हरने आतली पिन दाबली. फुस्स्स... प्रेशर कुकरची शिट्टी चमच्याने उचलून धरली की येतो तसा आवाज. एक मिनिट झालं, दोन मिनिटं झाली, आवाज काही थांबेना. मी विचारलं, "अरे, हे काय सोडतोयस?"

मान वर न करता तो म्हणाला, "काही नाही काकू, हवाच आहे."

तर आजचा लेख त्या हवेबद्दल आहे. आणि सुरुवातीलाच सांगते, तो त्या मुलाच्या विरुद्ध नाही. थोडा आपल्या सगळ्यांच्या विरुद्ध आहे.

आधी पार्श्वभूमी. कंपनीच्या वर्कशॉपने गाडी पाहून साडेबत्तीस हजारांचं अंदाजपत्रक दिलं होतं. कॉम्प्रेसर नवा, ड्रायर नवा, पाईप साफ करणे, गॅस, मजुरी, वर जीएसटी. चिरंजीव म्हणाले, "आई, लुटालूट आहे नुसती. एक जण घरी येऊन अकरा हजारांत करून देतो." चार तासांत काम झालं. संध्याकाळी गाडीत बसलो तर थंडगार! मीसुद्धा "हुशार आहे हो पोरगा" म्हणाले. सहाव्या आठवड्यात बेल्टमधून किंचाळल्यासारखा आवाज आला आणि तो कॉम्प्रेसर कायमचा जाम झाला. उघडून पाहिलं तर तेल काळं, आणि त्यात चांदीच्या वर्खासारखी चकाकणारी धातूची भुकटी. ती भुकटी कंडेन्सरपर्यंत पोचलेली. म्हणजे आता कॉम्प्रेसर पुन्हा नवा, कंडेन्सरही नवा. साडेएकवीस हजार वाचवायला गेलो आणि एकूण खर्च कंपनीच्या अंदाजपत्रकाच्या पुढे गेला.

ही गोष्ट चारचौघांत सांगितली की लगेच दोन पक्ष पडतात. पहिला पक्ष म्हणतो, "तरी सांगत होतो, कंपनीतच न्यायची. असली कामं काय घरी करायची असतात?" दुसरा पक्ष म्हणतो, "तुमचा मेकॅनिक भिकार होता. माझा माणूस घ्या. त्यात आहे काय, चार बोल्ट, दोन पाईप आणि एक बेल्ट."

मला हे दोन्ही पक्ष मान्य नाहीत. जन्मभर शाळेत शिकवलं ते भाषा आणि इतिहास, त्यामुळे यंत्रातलं मला काय कळणार असं चिरंजीवांना वाटतं. पण न कळणारी गोष्ट विचारून, वाचून समजून घ्यायची, एवढं तरी शिक्षकी पेशाने शिकवलंय. पुढचे दोन महिने मी तेच केलं. ज्यांचे हात काळे आहेत अशा तीन-चार लोकांना विचारलं, जमेल तेवढं वाचलं. आणि माझं मत असं झालं की कॉम्प्रेसर घरी बदलण्यात चूक काहीच नाही. चूक आहे ती अर्धं काम करून त्याला पूर्ण काम म्हणण्यात. आणि ते अर्धं काम आपण गिऱ्हाईकच घासाघीस करून मागून घेतो.

जरा यंत्र समजून घेऊ. अवघड नाही. घरातल्या फ्रीजचाच हा भाऊ. कॉम्प्रेसर गॅस दाबतो, दाबलेला गरम गॅस पुढच्या जाळीत म्हणजे कंडेन्सरमध्ये जाऊन थंड होतो आणि त्याचा द्रव बनतो. तो द्रव ड्रायरमधून गाळून एका बारीक छिद्रातून आतल्या कूलिंग कॉईलमध्ये सुटतो, तिथे त्याची पुन्हा वाफ होते आणि ती होताना गाडीतली उष्णता उचलून नेते. मग ती वाफ पुन्हा कॉम्प्रेसरकडे. हे चक्र बंद असतं. गाडी नवी असताना जो गॅस भरला, तोच वर्षानुवर्षं फिरत राहावा अशी कल्पना. त्याच गॅसबरोबर थोडं तेलही फिरतं आणि तेच कॉम्प्रेसरचं वंगण. वेगळी तेलाची टाकी नाही.

म्हणजे या चक्राचे शत्रू तीन. हवा, पाणी आणि कचरा. कॉम्प्रेसर बदलायला पाईप सोडवला की तिन्ही शत्रूंना दार उघडं होतं. आणि आमच्या नवी मुंबईच्या हवेत पाणी किती असतं ते वेगळं सांगायला नको. जूनमध्ये मिठाची बरणी उघडी ठेवून बघा. या एसीत जे तेल वापरतात ते त्या मिठापेक्षाही हावरट असतं, हवेतलं पाणी झपाट्याने शोषतं. पाणी, तेल आणि गॅस एकत्र तापले की आम्ल तयार होतं आणि ते आतून धातू खायला लागतं. पाण्याचा एखादा थेंब त्या बारीक छिद्रात गोठला तर थंडावा मध्येच बंद.

म्हणून बोल्ट काढणं आणि लावणं हे या कामाचं निम्मंच अंग आहे, आणि ते खरंच कुणीही पाना धरता येणारा माणूस घरी करू शकतो. उरलेलं निम्मं डोळ्यांना दिसत नाही. जुना गॅस सोडायचा नाही, यंत्राने शोषून टाकीत घ्यायचा. जुन्या कॉम्प्रेसरमधून तेल किती निघालं ते मोजायचं आणि त्या हिशोबाने नव्यात ठेवायचं. ड्रायर नवा घालायचा. सांध्यांतल्या रबरी चकत्या, ज्यांना ओ-रिंग म्हणतात, त्या नव्या घालायच्या. जुना कॉम्प्रेसर आतून झिजून मेला असेल तर त्याचा भुगा पाईपांतून धुऊन काढायचा, आणि कंडेन्सरमध्ये तो अडकला असेल तर कंडेन्सरही बदलायचा, कारण त्याच्या केसासारख्या बारीक नळ्या नीट धुतल्या जात नाहीत. मग पंप लावून अर्धा-पाऊण तास सगळी हवा ओढून घ्यायची. दाब इतका कमी झाला की आत राहिलेलं पाणी साध्या तापमानालाच उकळतं आणि वाफ होऊन निघून जातं. (भूगोलात आपण शिकवायचो ना, उंच डोंगरावर पाणी लवकर उकळतं आणि भात कच्चा राहतो. तेच!) पंप बंद करून काटा पंधरा-वीस मिनिटं जागचा हलत नाही ना ते पाहायचं. हलला तर गळती आहे. आणि सगळ्यात शेवटी गॅस भरायचा तो वजन करून. किती ग्रॅम ते बॉनेटखालच्या चिठ्ठीवर छापलेलं असतं.

आमच्या पार्किंगमध्ये यातलं काय झालं? गॅस हवेत. तेल अंदाजाने. ड्रायर जुनाच, "चांगला आहे अजून" म्हणून. पाईप धुतले नाहीत. पंप लावला खरा, पण दहा मिनिटं, कारण त्याला पुढे खारघरला दुसरी गाडी करायची होती. आणि गॅस भरला तो पाईपला हात लावून, "झाला थंड" म्हणत. जुन्या कॉम्प्रेसरचा भुगा आत तसाच फिरत राहिला आणि त्याने नव्याचा घास घेतला. यात नशिबाचा काही भाग नाही. जे पेरलं तेच उगवलं.

वर आणखी एक प्रश्न, जो पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता आणि मी, माझा मुलगा, कंपनीचं वर्कशॉप, मेकॅनिक, कुणीच विचारला नाही. कॉम्प्रेसरच गेला आहे हे कशावरून? त्याच्या तोंडाशी एक चुंबकीय क्लच असतो. एसीचं बटण दाबलं की 'टक्' आवाज येतो तो त्याचा. त्याची कॉईल जळली, फ्यूज उडाला, रिले बिघडला, दाब मोजणारा स्विच बिघडला, किंवा नुसता गॅस कमी झाला तरी कॉम्प्रेसर चालू होत नाही, आणि बाहेरून बघणाऱ्याला तो मेल्यासारखाच दिसतो. डोकं दुखतंय म्हटल्यावर डोकंच बदलायचं का? आमच्या गाडीत मूळ दोष काय होता ते आता देवाला ठाऊक, कारण जुना कॉम्प्रेसर मेकॅनिक भंगारात घेऊन गेला.

हे झालं आमच्या खिशाचं. आता त्या 'हवे'कडे येते.

आमच्या गाडीच्या चिठ्ठीवर लिहिलंय, आर-१३४ए, ४२० ग्रॅम. हा गॅस शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायॉक्साईडच्या सुमारे १४३० पट उष्णता धरून ठेवतो असं शास्त्रज्ञांनी काढलंय. करा गुणाकार. ४२० ग्रॅम म्हणजे साधारण ६०० किलो कार्बन डायॉक्साईड सोडल्यासारखं. एक लिटर पेट्रोल जाळलं की अंदाजे २.३ किलो कार्बन डायॉक्साईड निघतो, म्हणजे हे झालं जवळजवळ २६० लिटर पेट्रोल. लिटरला १५ किलोमीटर धरले तर ३९०० किलोमीटर. इथून दिल्लीला जाऊन परत यायचं आणि पुन्हा दिल्लीच्या वाटेला लागायचं, एवढ्या प्रवासाचा धूर त्या मुलाने दोन मिनिटांत, गाडी जागची न हलवता काढला! टाकी पूर्ण भरलेली होती असं धरून हा हिशोब आहे. कमी असेल तर तेवढं कमी करा. आणि दुसऱ्यांदा कॉम्प्रेसर बदलताना पुन्हा एकदा तेच झालं, ते मात्र हिशोबात धरा.

तो मुलगा "हवाच आहे" म्हणाला म्हणून त्याला हसू नका. त्याच्यापेक्षा फार मोठी माणसं हेच म्हणाली होती. अमेरिकेत टॉमस मिजली नावाचा रसायनतज्ज्ञ होता. त्याच्या आधी थंडाव्यासाठी अमोनिया, सल्फर डायॉक्साईड असे विषारी वायू वापरत. मिजली आणि सहकाऱ्यांनी सीएफसी जातीचा बिनविषारी, न पेटणारा गॅस शोधला आणि १९३० साली रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत मिजलीने तो स्वतः छातीत भरून घेतला आणि त्याच्या फुंकरीने मेणबत्ती विझवून दाखवली. बघा, विषारी नाही, पेटत नाही! आपल्या मराठीत सांगायचं तर, हवाच आहे. मग तो गॅस घराघरांतल्या फ्रीजमध्ये आणि गाड्यांत गेला. १९७४ साली मोलिना आणि रोलंड या दोघांनी सांगितलं की हा गॅस वर जाऊन ओझोन खातो. पुष्कळांनी त्यांना वेड्यात काढलं. १९८५ साली अंटार्क्टिकावरच्या ओझोनला पडलेलं भगदाड जगापुढे आलं, १९८७ साली माँट्रियलचा करार झाला, १९९२ साली भारत त्यात आला, आणि १९९५ साली त्या दोघांना क्रुत्झेन यांच्यासह नोबेल मिळालं. ओझोन खाणाऱ्या त्या आर-१२ च्या जागी गाड्यांत आला तो हा आर-१३४ए. हा ओझोन खात नाही. पण पृथ्वी तापवायला मदत करतो. म्हणून २०१६ साली रवांडातल्या किगालीत पुन्हा जग जमलं आणि हे गॅसही टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरलं. भारताने २०२१ मध्ये त्याला मान्यता दिली. आपली कपात २०३२ पासून सुरू व्हायची आहे आणि २०४७ पर्यंत ती ८५ टक्क्यांवर न्यायची आहे.

पण ही कपात आहे नव्या गॅसच्या उत्पादनाची आणि वापराची. जो आधीच लाखो गाड्यांच्या पोटात भरलेला आहे त्याचं काय? त्याचं भवितव्य किगालीत ठरत नाही, आमच्या पार्किंगमध्ये, एका स्क्रू ड्रायव्हरच्या टोकावर ठरतं.

आता जरा आपल्या गावाविषयी. आम्ही नवी मुंबईकर हवेच्या बाबतीत फार जागरूक बरं का! ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचा वास रात्री घरात शिरला की लगेच सोसायटीच्या ग्रुपवर संदेश, तक्रार, वर्तमानपत्रात बातमी. योग्यच आहे, केलीच पाहिजे तक्रार. पण आपल्याच जिन्याखाली दर उन्हाळ्यात हा गॅस फुस्स होतो त्याची तक्रार आजवर कुणी केली? कारण त्याला रंग नाही, वासही जवळजवळ नाही. वास येतो ते प्रदूषण दुसऱ्याचं, आणि वास येत नाही ते आपलं, असा आपला न्याय झालाय.

आणि हा प्रश्न आता गाड्यांपुरताही राहणार नाही. २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड मालट्रकांना ड्रायव्हरच्या केबिनमध्ये वातानुकूलन सक्तीचं झालंय. चांगला निर्णय आहे, त्या माणसांनी पंचेचाळीस अंशांत का भाजून निघावं? पण कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलला किंवा तुर्भ्याच्या बाजाराबाहेर एकदा चक्कर मारून या. ट्रकची दुरुस्ती कुठे होते? रस्त्याच्या कडेला, चिखलात. चार-पाच वर्षांत त्या ट्रकांचे कॉम्प्रेसर दुरुस्तीला येतील तेव्हा तिथे गॅस शोषून घेणारी यंत्रं असतील, की स्क्रू ड्रायव्हर असेल?

"बाई, एका गाडीने काय होतं?" हा आक्षेप मला ठाऊक आहे. वर्गात कागदाचा बोळा टाकणारा प्रत्येक मुलगा हेच म्हणायचा. मी त्याला संध्याकाळी केर भरायला लावायची, की कळे एकाने काय होतं ते.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. "त्या मेकॅनिकने एवढं महागडं यंत्र आणायचं कुठून?" बरोबर. म्हणूनच म्हणते की त्याला दोष देऊ नका. तो मुलगा म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकलेला. नंतर एका गॅरेजमध्ये हाताखाली राहून बघून बघून शिकला. त्याच्या उस्तादाने पिन दाबली, म्हणून हाही दाबतो. बॉनेटखालची चिठ्ठी इंग्रजीत. कंपनीचं दुरुस्तीपुस्तक इंग्रजीत, आणि तेही याच्या हाती कधी न पडणारं. मी त्याला चिठ्ठीवरचा आकडा दाखवला तर म्हणाला, "ते कंपनीवाल्यांसाठी असतं." किती वाईट वाटलं मला सांगू! मी स्वतः मराठी माध्यमातून बी.ए. झाले. मला हे सगळं समजायला दोन महिने लागले ते विषय कठीण म्हणून नाही, तो माझ्या भाषेत कुणी मांडून ठेवलेला नाही म्हणून. दाब, उत्कलनबिंदू, बाष्प हे आठवीच्या मराठी विज्ञानाच्या पुस्तकात असतं. तिथपर्यंत तो मुलगा पोचलेला आहे. पुढची चार पानं त्याला कुणी दिलीच नाहीत. मग वर "हे लोक अडाणी" म्हणायला आपण मोकळे.

ज्ञान कुलपात ठेवण्याचं हे प्रकरण नवं नाही. सुटे भाग आणि दुरुस्तीची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू न देण्याबद्दल स्पर्धा आयोगाने २०१४ च्या ऑगस्टमध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. भाग खुल्या बाजारात द्या, तपासणीची साधनं स्वतंत्र दुरुस्ती करणाऱ्यांनाही द्या, असा आदेश होता. पुढे ते प्रकरण अपिलात आणि न्यायालयांत गेलं. २०२२ मध्ये केंद्राने 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली, त्यात मोटारीही होत्या. त्याआधी २०१९ च्या मार्चमध्ये सरकारने शीतकरणाचा राष्ट्रीय आराखडा काढला आणि २०२२-२३ पर्यंत एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र द्यायचं उद्दिष्ट ठेवलं. अमेरिकेत पैसे घेऊन गाडीचा एसी दुरुस्त करणाऱ्याला प्रमाणपत्र लागतं, गॅस शोषण्याचं यंत्र लागतं, आणि तो जाणूनबुजून हवेत सोडायला बंदी आहे. आमच्या पार्किंगमध्ये आजवर पाच-सहा मेकॅनिक पाहिले. कुणाकडे असा कागद असल्याचं दिसलं नाही, आणि आम्ही कुणी तो मागितलाही नाही.

मागितला नाही, हेच खरं दुखणं. आपण काय विचारतो? "किती घेणार? नक्की किती? पाचशे कमी कर." तो पाचशे कमी करतो. कशातून करतो? आपल्याला न दिसणाऱ्या गोष्टींतून. ड्रायर राहतो, अर्धा तासाचा पंप दहा मिनिटांवर येतो, ओ-रिंग जुन्याच राहतात. शिंप्याला कापडात पैसे वाचवायला सांगितले आणि मग सदरा दंडात तंग झाला म्हणून ओरडलं, तसं आहे हे.

आता नुसतं रडगाणं नको. मला काय हवंय ते सांगते.

ज्यांना घरी करायचं आहे त्यांनी जरूर करावं, पण कामाचे तीन भाग पाडावेत. पहिला भाग, गाडी जिथे गॅस शोषून घेणारं यंत्र आहे अशा एसीवाल्याकडे न्यायची आणि गॅस काढून घ्यायचा. (गळतीमुळे गॅस आधीच उडून गेला असेल तर हा प्रश्नच उरत नाही, पण मग आधी गळती शोधा!) गॅस नसला तरी गाडी चालते, फक्त एसी चालत नाही. मात्र कॉम्प्रेसरची पुलीच जाम असेल तर गाडी चालवू नका, कारण पुष्कळ गाड्यांत तोच बेल्ट पाण्याचा पंप आणि बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरही फिरवतो. दुसरा भाग, बोल्ट, बेल्ट, ड्रायर, ओ-रिंग, तेल, हे घरी. सोडवलेल्या पाईपांची तोंडं लगेच बंद करायची. तिसरा भाग, पुन्हा त्या यंत्रवाल्याकडे जाऊन पंप आणि वजन करून गॅस. यातही कंपनीच्या अंदाजपत्रकापेक्षा पैसे वाचतात. आणि हो, हा गॅस उणे २६ अंशांना उकळतो. द्रव बोटांवर उडाला तर भाजल्यासारखी कातडी जाते, डोळ्यांत गेला तर त्याहून वाईट. विजेवर चालणाऱ्या आणि हायब्रिड गाड्यांच्या कॉम्प्रेसरला तर घरी हातच लावू नये. तिथे नारिंगी तारांतून शेकडो व्होल्ट असतात आणि तेलही वेगळं लागतं. तिथे माझं धाडस संपतं.

मेकॅनिक बोलावणार असाल तर भाव विचारण्याआधी चार प्रश्न विचारा. जुना गॅस कशात घेणार? ड्रायर नवा घालणार ना? पंप किती वेळ लावणार? गॅस वजन करून भरणार का? आणि "हो" म्हणाला तर त्या वेळेचे पैसे द्या. मुकाट्याने द्या.

कंपन्यांनी चिठ्ठी मराठीत, हिंदीत, ज्या राज्यात गाडी विकता त्या भाषेत लावावी. रंगीत जाहिराती सगळ्या भाषांत करता येतात, मग चार ओळींची सूचना का नाही? महापालिकेने, आयटीआयने गॅस शोषणारी यंत्रं विभागवार भाड्याने ठेवावीत. रिकामा सिलिंडर परत केला की जशी अनामत परत मिळते, तसा परत आणलेल्या गॅसचा मेकॅनिकला मोबदला मिळाला, तर एकही जण पिन दाबणार नाही. गॅसला किंमत आली की तो 'हवा' राहत नाही.

गणपतीच्या आधी तो मुलगा पुन्हा आमच्या इमारतीत आला, दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीसाठी. मला पाहून जरा ओशाळला. मी वहीच्या दोन पानांवर मराठीत सगळं क्रमाने लिहून ठेवलं होतं, अक्षर मोठं, आकृतीसह. ते दिलं. त्याने उभ्याउभ्याच वाचलं. म्हणाला, "काकू, हे मला आधी कुणी सांगितलंच नाही." मग जरा थांबून म्हणाला, "पण ह्यात एक तास जास्त जातो. त्याचे पैसे कोण देणार?"

मी त्या गाडीच्या मालकाकडे पाहिलं. ते मोबाईलमध्ये बघत होते.

उत्तर तुम्ही द्या. पुढच्या मे महिन्यात तुमच्याही पार्किंगमध्ये तो येणारच आहे.